मी सातच मोजले

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, ज्यांच्या हाताखाली काम करते त्या डॉक्टरांना तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतेय ते तुम्ही समोर नाही आहात म्हणून. मान हलवून ‘असू दे गं, होतं असं माणसाच्या हातून’ म्हणायची सोय तुम्हाला नाही. म्हणालात तरी मला ऐकू येणार नाही. तेच बरं. समजून घेणारी माणसं मला आवडत नाहीत. आज तर मुळीच नाहीत.

आधी माझं काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

मी जळगावात मेंदूच्या एका डॉक्टरांकडे चाचण्या घेते. घरातलं म्हातारं माणूस विसरायला लागलं, तेच तेच विचारायला लागलं, की लेकरं त्याला घेऊन येतात. सावद्याहून येतात, पारोळ्याहून येतात, धुळ्याहून येतात. डॉक्टरांकडे जायच्या आधी ही माणसं माझ्या खोलीत बसतात. आज वार कोणता, कागदावर घड्याळ काढा, हे पाच शब्द लक्षात ठेवा, थोड्या वेळाने विचारीन. आणि मग एक चाचणी, ऐकायला पोरखेळ वाटेल अशी. ‘एका मिनिटात जितक्या प्राण्यांची नावं सुचतील तितकी सांगा.’ एवढंच. ते बोलतात, मी घड्याळ लावून लिहीत जाते. किती नावं आली, कुठे अडली, तीच तीच पुन्हा आली का—त्यावरून डोकं कसं चाललंय याचा बराच अंदाज येतो. फालतू गोष्ट नाही ती. मी ती हजार वेळा घेतली असेल आणि माझा तिच्यावर विश्वास आहे. आजही आहे.

या एकट्या आकड्यावर डॉक्टर काही ठरवत नाहीत. पण बाकी सगळं काठावर असलं, की हा आकडा माणसाला इकडे नाहीतर तिकडे ढकलतो. आणि त्या मिनिटाला खोलीत दोघंच असतात. सांगणारा आणि मी. सांगणाऱ्याला नंतर कुणी विचारत नाही. म्हणजे उरलं कोण?

सहा-सात वर्षांपूर्वी माझ्या खोलीत विमलबाई आल्या.

विमलबाई अमळनेरच्या माझ्या शाळेतल्या. मराठी शिकवायच्या. मी सहावीत त्यांच्या वर्गात गेले. तोवर मी पारोळ्याजवळच्या आमच्या खेड्यात होते. घरी अहिराणी, शेतात अहिराणी, शाळेतही पुस्तक तेवढं मराठी. पुढच्या शिक्षणासाठी मला अमळनेरला मामांकडे ठेवलं. त्या वर्षी कथाकथनाच्या स्पर्धेसाठी मुली निवडायच्या होत्या. मी हात वर केला. माझं पाठांतर चांगलं होतं, आवाज चांगला होता, भीती नव्हती. तेव्हा नव्हती. गोष्ट सांगता सांगता मी म्हणून गेले, ‘आणि मग गावातले बठ्ठा लोक जमले.’

बाईंनी हात वर करून मला थांबवलं. ‘बठ्ठा म्हणजे काय गं?’

मी म्हटलं, ‘सगळे.’

‘मग सगळे म्हण ना. हा शब्द घरी ठेवून यायचा.’

वर्ग हसला. बाईंनी मला फळ्याकडे तोंड करून उभं केलं आणि ‘सगळे’ हा शब्द पन्नास वेळा म्हणायला लावला. मोठ्याने. मी म्हटला. तिसाव्याच्या आसपास आवाज फाटला, तरी म्हटला. मागे मुली मोजत होत्या. स्पर्धेला दुसरीच मुलगी गेली, आणि माझं नाव दहावीपर्यंत ‘बठ्ठा’ राहिलं.

बस, एवढंच. मार नाही, शिव्या नाहीत. मी हे का सांगितलं? तुम्ही माझ्या बाजूने यावं म्हणून? थोडंसं त्यासाठीच. म्हणून आता लगेच सांगते—येऊ नका. चाळीस मुलींच्या वर्गात एका बाईने एका मुलीचा शब्द सुधारला. अशी हजारो पोरं सुधारली गेली आणि त्यांनी पुढे कुणाचं काही वाकडं केलं नाही. मी केलं.

त्या दिवसानंतर मी अहिराणी बोलले नाही. आईशीसुद्धा नाही. ती फोनवर म्हणते, ‘मोठी मॅडम व्हयनी तू आते,’ मोठी मॅडम झालीस आता, आणि मी तिला शुद्ध मराठीत विचारते, औषध वेळेवर घेतेस ना. ती तिच्या बोलीत, मी माझ्या. दवाखान्यात कुणाला माहीत नाही की मला अहिराणी येते. खेड्यातली म्हातारी माणसं येतात, बोलता बोलता अडतात, आमचे डॉक्टर पुण्याचे, ते माझ्याकडे बघतात आणि मी खांदे उडवते. सोबत आलेला मुलगा अर्थ सांगतो. मला तो आधीच कळलेला असतो.

तर विमलबाई आल्या. सोबत त्यांचा मुलगा प्रदीप, धुळ्याला सरकारी नोकरीत. बाईंचं वय तेव्हा पंचाहत्तरच्या पुढे. बारीक झाल्या होत्या, पण इस्त्रीची सुती साडी, चष्म्याला दोरी, पाठ ताठ. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. अमळनेरच्या घरात एकट्या राहायच्या. रोज दुपारी मजुरी करणाऱ्या घरांतल्या चार-पाच पोरी त्यांच्याकडे वाचायला-लिहायला बसायच्या. प्रदीपची तक्रार अशी: दोनदा दूध गॅसवर राहून करपलं. शेजारणीचं नाव एकदा आठवेना. एकाच दिवशी दोनदा फोन करून तीच गोष्ट सांगितली. तो माणूस वाईट नव्हता, हे आत्ताच सांगून ठेवते. तो खरोखर घाबरला होता.

दारात काय झालं ते आत्ता नाही सांगत. शेवटी सांगेन. जमलं तर.

प्रदीपला मी बाहेर बसवलं आणि चाचणी सुरू केली. त्यांना मी ‘आजी’ म्हणत होते. ‘बाई’ नाही, ‘आजी’. आजी, तारीख सांगा. एका दिवसाने चुकली. आजी, घड्याळ काढा. नीट काढलं, आकडे तर छापल्यासारखे. पाच शब्दांतले तीन आठवले. म्हणजे काठावर. या वयात असं कितीतरी जणांचं येतं. त्यांना आम्ही सांगतो, सहा महिन्यांनी परत या, बघू.

मग मी म्हटलं, आता एक मिनिट प्राण्यांची नावं. आणि घड्याळ लावलं.

गाय, बैल, घोडा, हत्ती, उंट, वाघ, सिंह. सात. भराभर, वर्गातला तक्ता वाचावा तशी. आणि मग अडल्या. मी घड्याळाकडे पाहिलं, वीस सेकंदही झाले नव्हते. त्या छताकडे बघत राहिल्या. मी गप्प. गप्पच राहायचं असतं, नियम आहे. पण त्या गप्प राहण्यात मला मजा वाटत होती, हे नियमात नाही. फळ्यासमोर उभं राहिलेलं माणूस मी पहिल्यांदाच समोरून बघत होते.

मग त्यांनी डोळे मिटले. आणि हळूच, स्वतःशी बोलावं तसं म्हणाल्या, ‘थांब. आते मी गोठामा जास.’

मी लिहिता हात थांबवला. विमलबाई—अहिराणीत? आम्हाला वाटायचं या बाई पुण्याबिण्याकडच्या असतील. त्या आमच्याच भागातल्या, शेतकऱ्याच्या घरातल्या, हे मला त्या क्षणी कळलं. गोठ्यात शिरल्या आणि एकेक दाखवावं तसं म्हणत गेल्या. डोबड. वगार. हाल्या. गोऱ्हा. डोळे मिटलेलेच, बोट हवेत फिरतंय, या खुंट्यावरून त्या खुंट्यावर. मग गोठ्याबाहेर आल्या. कुतरं. गधडं. वांदर. चिडी. उंदर. चेहरा मोकळा झाला होता. ‘आखो शेतस,’ म्हणाल्या, अजून आहेत, आणि घड्याळ वाजलं.

डोबड म्हणजे म्हैस. वगार म्हणजे तिची तरणी पारडी, हाल्या म्हणजे रेडा. आमच्या गोठ्यात हे बठ्ठं होतं. मला न कळणारा त्यात एकही शब्द नव्हता. सात आणि नऊ, सोळा. आमच्या चाचणीच्या कागदावर तळाशी छापलेलं असतं: बोलीतले शब्द धरावेत, वयाचे आणि नर-मादीचे वेगळे शब्द धरावेत. मला तो कागद पाठ आहे. सोळा हा आकडा बाईंना आरामात काठाच्या या बाजूला ठेवत होता.

मी सात लिहिले.

बघा, सांगून टाकलं. पण एवढं सोपं नाही ते. एवढंच असतं तर कदाचित मी कधीच सांगितलं असतं. मोजण्यात चूक झाली म्हणून खपवलंही असतं. डोबड नाही कळलं, मान्य. पण कुतरं? कुतरं कुणाला कळत नाही? पुण्याच्या डॉक्टरांनाही कळलं असतं. मी तेही सोडलं. कागदावरची ती जागा मी कोरी ठेवली. अक्षर छान आलंय. फाइल अजून कपाटात आहे, मी पाहिलंय.

आणि कागदाच्या उजव्या बाजूला एक चौकट असते, निरीक्षणाची. तिथे मी लिहिलं: ‘सुरुवातीच्या सात शब्दांनंतर निरर्थक शब्द उच्चारतात. आपण अडखळतोय याची जाणीव नाही.’

निरर्थक. तो शब्द मी निवडून लिहिला. आमच्या धंद्यात त्याचा अर्थ काय होतो हे मला माहीत होतं. नावं कमी सुचली तर वय म्हणता येतं, घाबरली म्हणता येतं, रात्री झोप नसेल म्हणता येतं. पण माणूस अर्थ नसलेले शब्द बोलतंय आणि त्याला ते कळत नाही, असं लिहिलं की डॉक्टरांची भुवई वर जाते. गेलीच.

या बाईंनी माझ्यासाठी काय केलं होतं, ते अजून सांगितलंच नाही. ते मी स्वतःलाही फारसं सांगत नाही. अडचणीचं आहे. दहावीनंतर मामा म्हणाले, बस झालं, आता गावी धाडतो. विमलबाई मामांच्या घरी आल्या. कुणी बोलावलं नव्हतं. दुपारभर बसल्या, मामीच्या हातचा चहा दोनदा घेतला आणि मामांना हो म्हणायला लावून उठल्या. कॉलेजचा फॉर्म त्यांनी भरला. वसतिगृहासाठी चिठ्ठी त्यांनी लिहिली. त्या आल्या नसत्या तर मी आज कुणाच्या तरी कपाशीत निंदायला बसलेली असते. ज्या खुर्चीवर बसून मी त्यांचे शब्द गाळले, त्या खुर्चीपर्यंत मला त्यांनीच आणलं होतं.

मग त्या वेळी मला हे आठवलं नाही का? आठवलं. लिहिता लिहिता आठवलं. आणि राग आणखी वाढला. उपकार करणाऱ्यावर माणूस जास्त चिडतं, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय का मला माहीत नाही. मी अनुभवाने सांगते. त्यांच्याच तोंडून ती बोली आली, माझ्यासमोर, इतक्या सहज, डोळे मिटून, सुखाने. तो शब्द मला घरी ठेवून यायला सांगणाऱ्या बाईच्या घरात तोच शब्द होता, आयुष्यभर! मला वाटलं, म्हणजे तुम्हाला येत होतं. तुम्हाला कळत होतं मी काय म्हणाले ते. आणि तरी विचारलंत, बठ्ठा म्हणजे काय गं.

कारण सांगतेय मी. सफाई नव्हे. दोन्ही एकसारखं ऐकू येतं, माहीत आहे. काय करू?

डॉक्टरांनी कागद वाचले. बाईंना चार प्रश्न विचारले. बाई डॉक्टरांशी स्वच्छ मराठीत बोलल्या, पण त्या घाबरल्या होत्या, एक-दोन उत्तरं चुकली. मग त्यांना बाहेर बसवून डॉक्टरांनी प्रदीपला सांगितलं: आजाराची सुरुवात दिसते आहे, गोळ्या सुरू करू, आणि आता यांना एकटं ठेवू नका. प्रदीप माझ्यासमोर रडला. मी त्याला पाणी दिलं. एवढा मोठा बाप्या माणूस, रुमाल तोंडाला लावून म्हणाला, ‘मॅडम, आई आयुष्यात कधी चुकीचा शब्द बोलली नाही हो.’

मी म्हटलं, ‘या आजारात होतं असं.’

त्याच आठवड्यात अमळनेरच्या घराला कुलूप लागलं. बाई धुळ्याला गेल्या.

सहा महिन्यांनी त्यांना पुन्हा तपासायला आणायचं होतं. तारीख मला आठवडाभर आधी कळली. मी काय केलं? त्या दिवशी रजा टाकली. पोट बिघडलंय म्हणाले. चाचणी आमच्याकडे नव्याने लागलेल्या, नागपूरकडच्या मुलीने घेतली. प्राणी पाच आले. पाच! गोळ्यांनी गुंगी असेल, परक्या घरात मन खचलं असेल, किंवा आजार खरंच असेल आणि माझ्या खोटेपणाच्या आत एक खरी गोष्ट आधीपासून बसलेली असेल. यातलं कुठलं, मला माहीत नाही. कधीच कळणार नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टर फाइल मिटताना म्हणाले, ‘तुमचं निरीक्षण अचूक होतं हं.’ मी थँक्यू म्हटलं.

तेव्हा बोलता आलं असतं. सर, पहिला आकडा चुकला होता, बाई अहिराणी बोलत होत्या, मला अहिराणी येते. तीन वाक्यं. नोकरी जाईल ही भीती होती, नाही म्हणत नाही. पण त्याहून मोठी भीती तिसऱ्या वाक्याची होती. हसू नका. मला खोटारडी ठरायची जितकी भीती वाटली नाही, तितकी खेडवळ ठरायची वाटली.

त्यानंतर एकदा मी धुळ्याला एका लग्नाला गेले आणि दुपारी पाय आपोआप प्रदीपच्या घराकडे वळले. आपोआप कसले—पत्ता मी फाइलमधून आधीच लिहून घेतला होता. प्रदीप ऑफिसला गेला होता. त्याची बायको घरी होती, चांगली मुलगी, इंदूरकडची. मी कोण ते सांगितल्यावर तिला इतका आनंद झाला की काय सांगू. दवाखान्यातल्या मॅडम स्वतः बघायला आल्या!

बाई जाळी लावलेल्या गॅलरीत खुर्चीवर बसल्या होत्या. केस कापलेले. विंचरायला सोपं जावं म्हणून, ती म्हणाली. साडीऐवजी गाऊन. मी जवळ गेले. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, आणि मग हात जोडले. ‘बसा मॅडम.’

ओळखलं की नाही? मला सांगता येणार नाही. मंगल, म्हणजे मी, त्यांच्या डोळ्यांत आली आणि त्यांनी ती परत पाठवली, असं मला वाटलं. ते का वाटलं, हे तुम्हाला दारातली गोष्ट सांगितल्याशिवाय कळणार नाही. येते तिथेच.

मी बसले. चहा आला. बाई खाली रस्त्याकडे बघत बोलायला लागल्या, कुणाशी नाही, तशाच. ‘पोरी येतीन. कुलूप देखीसन परत जातीन.’

पोरी येतील. कुलूप बघून परत जातील.

‘बघा,’ सून हळू आवाजात मला म्हणाली, ‘हे ऑफिसला गेले की दिवसभर असंच चालू असतं. आम्ही मनावर घेत नाही. डॉक्टरांनी सांगितलंय ना, त्याला अर्थ नसतो म्हणून. नुसती मान हलवायची.’

आणि तिने मान हलवली, हसून, लहान मुलापुढे हलवावी तशी. ‘हो हो आई.’

कान देऊन ऐकलं असतं तर तिलाही कळलं असतं. एवढी अवघड नाही ती भाषा. पण निरर्थक असं लिहून दिलेलं कोण कान देऊन ऐकतं? मला तिला फक्त सांगायचं होतं, अगं, त्या त्यांच्याकडे शिकायला येणाऱ्या पोरींबद्दल बोलतायत. एक वाक्य. त्यावरून कदाचित प्रदीपने अमळनेरला फोन केला असता. त्या पोरींना निरोप गेला असता. एखादी पोर एसटीने भेटायलाही आली असती. निदान बाईंना कळलं असतं की आपण बोललो ते कुणाच्या तरी कानात शिरलं.

मी चहा प्यायले. कप विसळून ठेवू का म्हणून विचारलं. निघाले.

आता दारातलं.

त्या पहिल्या दिवशी प्रदीप बाईंना घेऊन माझ्या खोलीत आला. मी खुर्चीतून उठले. बाईंनी चष्मा नीट केला आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. ‘मंगल? मंगलच ना तू? पारोळ्याकडची. मामाकडे राहायचीस, तेलगिरणीच्या मागच्या गल्लीत.’ आणि प्रदीपला म्हणाल्या, ‘अरे, माझी विद्यार्थिनी ही. हिचा फॉर्म मी भरला होता.’

नाव बरोबर. गाव बरोबर. मामा, गल्ली, फॉर्म, सगळं बरोबर. तीस वर्षांपूर्वीची मुलगी, मध्ये एकदाही भेट नाही. आता माझ्या केसांत पांढरं, अंगावर दवाखान्याचा कोट, लग्नानंतर आडनाव बदललेलं, गळ्यातल्या ओळखपत्रावर नुसतं आडनाव. तरी दारातूनच ओळखलं. स्मरणशक्तीची याहून मोठी चाचणी मी कुठून आणणार होते? घड्याळ लावायचीसुद्धा गरज नव्हती. तिथेच, उभ्या उभ्या, बाई पास झाल्या होत्या.

मी म्हटलं, ‘नाही आजी. तुमचा काहीतरी गोंधळ होतोय. मी जळगावचीच आहे.’

शांतपणे म्हटलं. वर हसलेसुद्धा, पेशंटशी हसतात तसं.

त्या दोन पावलं पुढे आल्या. ‘अगं, मंगल नाही तू?’

‘नाही हो आजी.’

प्रदीपचा चेहरा उतरला. त्याने आईच्या दंडाला धरलं आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं—बघा मॅडम, हेच म्हणत होतो मी. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे, मग स्वतःच्या हातांकडे. मी आजवर पुष्कळ म्हाताऱ्यांना घाबरलेलं पाहिलंय. पण त्यांना काही आठवत नसतं, म्हणून ते घाबरतात. बाईंना आठवत होतं. जे आठवतंय ते खोटं आहे, असं डॉक्टरांकडचं एक माणूस तोंडावर सांगत होतं, आणि आयुष्यभर त्यांनी शिकलेल्या माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवलेला. त्यांनी माझ्यावरच ठेवला. स्वतःवरचा काढून घेतला. मला दिसलं ते. अगदी समोर, हातभर अंतरावर.

‘असेल बाबा,’ त्या म्हणाल्या. ‘माझंच चुकलं असेल.’

आणि खुर्चीत बसल्या. त्यानंतर मी तारीख विचारली, आणि तारीख चुकली.

त्या दिवशीच्या कागदावर मी तेही लिहिलंय. ‘अनोळखी व्यक्तीला जुनी विद्यार्थिनी समजतात.’

राग सात मोजण्यापर्यंत पुरला असता. निरर्थक लिहिण्यापर्यंतही पुरला असता. पण दारात मला राग आला नव्हता. विचार करायला वेळच नव्हता. नाव ऐकलं आणि तोंडातून ‘नाही’ निघालं. मग ते कुठून आलं? मी वर्षानुवर्षं शोधतेय. काही सापडलं नाही. मी तशी आहे, एवढंच सापडलं.

बाई दोन वर्षांपूर्वी वारल्या, धुळ्यातच. त्यांना पुन्हा अमळनेरला नेलं नाही. प्रदीपने मला फोन केला. त्याच्या आईच्या आजारपणात जी चार माणसं नीट वागली त्यांत मी एक, असं तो म्हणाला. उत्तरकार्याला नक्की या म्हणाला.

मी गेले. मांडवात शंभरेक माणसं होती. अमळनेरच्या जुन्या विद्यार्थिनीही आल्या होत्या. त्यांच्यात मी बसले नाही. प्रदीपने मला हाताला धरून त्याच्या मामांकडे नेलं, म्हाताऱ्या माणसाकडे, पांढरं धोतर, टोपी. ‘नाना, या त्या मॅडम. आईचं सगळ्यांत आधी यांच्याच लक्षात आलं. नाहीतर आम्ही तिला अमळनेरला एकटीच ठेवली असती.’

नानांनी मला हात जोडले. बाईंचे भाऊ ते. ‘देव तुमनं भलं करो,’ म्हणाले, ‘जेवीसनच जाज्या.’

मीही हात जोडले. पंगतीत बसले. वरण, पोळी, गंगाफळाची भाजी, कढी. वाढणाऱ्या बाईने पुन्हा भाजी घेता का म्हणून विचारलं आणि मी हो म्हटलं. सगळं जेवले. पानात काही टाकलं नाही.